शाळकरी मुलं कॉलेजात जातात, त्यांना तिथे थांबू पण द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात परदेशातल्या शिक्षणाबद्दल जे काही येतं ते मी इकडून नेमाने वाचते, पण ते बहुतेक सगळं बारावीनंतरचं नाहीतर एमएसचं असतं, लोन, व्हिसा, कुठलं युनिव्हर्सिटी चांगलं वगैरे. आता नोकरीच्या बदलीवर आठवी-नववी-दहावीतली मुलं घेऊन इकडे येणारी मराठी घरं बरीच आहेत आणि त्यांना लागणारी माहिती मराठीत फारशी कुठे सापडत नाही. आम्ही सिएटलजवळ राहतो, ओळखीपाळखीतून कोणी ना कोणी फोन करतंच आणि घर, गाडी, किराणा यांच्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो, की ते शाळेत असतानाच कॉलेज करतात ते काय आहे आणि आमच्या मुलाला ते मिळेल का. त्याबद्दलच लिहायचंय, जरा मोठं पत्र होईल पण कृपया छापा.

आधी थोडक्यात ते काय आहे ते सांगते. याला डुअल एनरोलमेंट म्हणतात, एकाच वेळी शाळेच्या पटावर पण नाव आणि कॉलेजच्या पटावर पण. मिनेसोटा राज्याने १९८५ साली पहिल्यांदा राज्यभर अशी सोय कायद्याने केली, आमच्या वॉशिंग्टन राज्यात १९९० च्या कायद्याने रनिंग स्टार्ट नावाने आली, ओहायोत तर सातवीपासूनची मुलं पात्र असतात. आमच्याकडे अकरावी-बारावीची मुलं जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, जाऊन मोठ्यांच्या बरोबर बसून तेच वर्ग करतात, कॉलेजची शिकवण्याची फी पडत नाही, पुस्तकं, काही किरकोळ फी आणि जाण्यायेण्याचा खर्च आपला. क्रेडिट म्हणजे कोर्स पास झाल्यावर नावावर जमा होणारं त्याचं माप, कॉलेजच्या ५ क्रेडिटचा एक कोर्स म्हणजे शाळेचं १ क्रेडिट, आणि ९० क्रेडिट झाले, सगळे विषय नीट बसले, तर बारावी होता होता हातात असोसिएट डिग्री, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं झाल्यासारखीच. अख्ख्या अमेरिकेत २०२२-२३ साली सुमारे २५ लाख शाळकरी मुलांनी असे कॉलेजचे कोर्स केले आणि कम्युनिटी कॉलेजातला साधारण पाचातला एक विद्यार्थी मुळात हायस्कूलचा आहे. म्हणजे हे काही मूठभर हुशार मुलांचं प्रकरण राहिलेलं नाही. यातली बरीच मुलं आपल्या शाळेतच बसून कॉलेजचा कोर्स करतात, शिकवायला शाळेचेच सर, मी मात्र जी मुलं उठून खरंच कॉलेजात जातात त्यांच्याबद्दल बोलतेय.

आता मुद्दा. आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आणि मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत याची जी चर्चा चालते ती क्रेडिट किती झाले, पैसे किती वाचले, कुठला प्रोफेसर मार्क सढळ देतो, कॅल्क्युलस उन्हाळ्यात उरकून टाकता येईल का, एवढीच असते. पैसे वाचणं ही खरी गोष्ट आहे आणि ज्यांना दोन-तीन मुलं आहेत त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे, ती मी कमी लेखत नाही. पण मूल दोन वर्षं त्या कॉलेजात जातं आणि तिथलं काहीच त्याच्या अंगाला लागत नाही हे मी घराघरात बघतेय आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. वर्ग सुटायच्या आधी पाच मिनिटं आईबाबांची गाडी पार्किंगमधे हजर, मूल वर्गातून थेट गाडीत, गाडीतून घरी, घरून पुढच्या क्लासला. दोन वर्षांत कॅन्टीनमधे बसून कोणाशी गप्पा नाहीत, लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर काय आहे ते माहीत नाही, एकाही प्रोफेसरला त्याचं नाव धड माहीत नाही. मूल म्हणजे कुरियरचं पार्सल नाही हो, या दारातून उचललं त्या दारात टाकलं आणि सही घेतली.

आणि याचा दुसरा अर्धा भाग असा की शाळा पण हळूहळू सुटत जाते. कॉलेजचं वेळापत्रक क्वार्टरचं, म्हणजे दहा-अकरा आठवड्यांच्या सत्रांचं, शाळेचं सेमिस्टरचं, शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला भरते आणि कॉलेज सप्टेंबर संपत आल्यावर, वसंताची सुट्टी पण कितीदा वेगवेगळ्या आठवड्यात येते. शाळेच्या घोषणा वर्गात होतात, हे मूल वर्गातच नसतं, मग नाटकाची निवड कधी झाली, इयरबुकचे फोटो कधी होते, डान्सची तिकिटं कधी संपली, काही कळत नाही. दुपारी जेवायला मैत्रिणींबरोबर ज्या टेबलावर बसायचं तिथली जागा भरून जाते. असं मूल ना धड शाळेतलं राहतं ना धड कॉलेजातलं होतं. मार्क उत्तम येत असतात त्यामुळे घरी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि विचारलं तर "ठीक आहे" एवढंच उत्तर येतं, पंधरा-सोळाव्या वर्षी कोणतं मूल आपणहून सांगणार आहे की आई मला दिवसभरात कोणीच काही बोललं नाही.

शाळेचं दार खरं तर बंद होत नाही. आमच्याकडे रनिंग स्टार्टचं मूल शाळेच्या टीममधे खेळू शकतं, ग्रॅज्युएशनला, प्रॉमला, म्हणजे शाळेच्या मोठ्या डान्सला, जाऊ शकतं, बँडचा किंवा एखादा आवडीचा वर्ग शाळेत ठेवून बाकीचे कॉलेजात घेता येतात. आमच्या मुलीने सकाळचा ऑर्केस्ट्राचा तास शाळेतच ठेवला आणि त्या एका तासामुळे तिच्या जुन्या मैत्रिणी टिकल्या. ज्यांना जमेल त्यांनी असा एक तरी धागा शाळेत ठेवावा, सगळंच्या सगळं एकदम कॉलेजात हलवायची घाई करू नये, भले मग डिग्रीला दोन-चार क्रेडिट कमी पडोत.

कॉलेजात काय काय मिळतं हे सांगते कारण बऱ्याच आईबाबांना वाटतं की आपलं मूल तिथे पाहुणं आहे. पाहुणं नाही. त्याच्याकडे कॉलेजचं आयकार्ड आहे, कॉलेजचा ईमेल आहे, आणि वर्गात शिकवणाऱ्याला बहुतेकदा माहीत पण नसतं की यातला कोण शाळेतला आणि कोण नाही. लायब्ररी पूर्ण उघडी, त्यातले पैसे भरून घ्यायचे जर्नल आणि डेटाबेस घरी बसून वापरता येतात. रायटिंग सेंटर असतं, तिथे निबंधाचा कच्चा खर्डा घेऊन बसलं की कोणीतरी तुमच्याबरोबर ओळ न ओळ वाचतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. गणिताची मदत असते, जाऊन बसायचं, अडलं की हात वर करायचा. क्लब असतात, बुद्धिबळापासून रोबोटिक्सपर्यंत आणि नसेल तर काही मुलं मिळून नवा काढता येतो. विद्यार्थी वर्तमानपत्र असतं, नाटक असतं, काही ठिकाणी विद्यार्थी परिषदेत पण ही मुलं काम करतात. काय मिळत नाही ते पण सांगते, कॉलेजच्या खेळाच्या टीममधे साधारणपणे जागा नसते, हॉस्टेल मिळत नाही, शाळेत असेपर्यंत सरकारी आर्थिक मदत नाही त्यामुळे त्यावर चालणाऱ्या कॅम्पसच्या नोकऱ्या पण नाहीत, आणि बाहेरगावी रात्री राहायची ट्रिप असेल तर आईबाबांच्या सह्या लागतात किंवा नाहीच म्हणतात. प्रत्येक कॉलेजचे नियम वेगळे, तिथे स्टुडंट लाइफचं ऑफिस असतं, मुलाने स्वतः जाऊन विचारायचं, आपण फोन करायचा नाही.

आमच्याकडचं एक उदाहरण देते. मुलीला दोन वर्गांच्या मधे मोठी गॅप होती आणि ती गाडीत बसून होमवर्क करण्यापेक्षा तिथेच थांबायला लागली. तिच्या इंग्लिश १०१ च्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निबंधलेखनाच्या, वर्गातली एक बाई कॉलेजच्या फूड पँट्रीत काम करायची, ती हिला म्हणाली चल डबे लावायला मदत कर. इथे बऱ्याच कम्युनिटी कॉलेजात अशी पँट्री असते, ज्या विद्यार्थ्यांची महिनाअखेरीला ओढाताण होते ते येऊन धान्य, डबे, डायपर, साबण घेऊन जातात, कोणी काही विचारत नाही. तर हिच्या लक्षात आलं की शेल्फवर मसूर डाळीच्या पिशव्या तशाच पडून राहतात, पास्ता संपतो, सूप संपतं, डाळ हलत नाही. घरी येऊन मला म्हणाली, "आई, लोकांना ती शिजवताच येत नाही गं, आणि एका मुलाकडे तर गॅस पण नाही, फक्त मायक्रोवेव्ह आहे, मायक्रोवेव्हमधे होते का डाळ?" मग आम्ही दोघी रात्री बसलो. मसूर अर्धा तास भिजवायचा, खोल भांड्यात भरपूर पाणी घालून झाकण अर्धवट ठेवून शिजवायचा, मधे एकदा काढून ढवळायचा नाहीतर उतू जातो, मग पँट्रीतलाच टोमॅटोचा डबा, लसणाची पावडर, मीठ, आणि हळद असली तर हळद. फोडणी नाही, हिंग नाही, कढीपत्ता तर लांबची गोष्ट, पण आमटीच्या जवळ जाणारं काहीतरी झालं आणि खरं सांगते, भाताबरोबर चांगलं लागलं. तिने ते एका कार्डावर चित्रं काढून लिहिलं, कॉपी काढून प्रत्येक पिशवीला रबरबँडने लावली. काही दिवसांनी त्या बाईने त्याच्याच खाली स्पॅनिशमधे लिहून दिलं. डाळ जायला लागली.

हे कुठल्या अर्जात लिहायला म्हणून केलं नव्हतं आणि मी ते इथे मुलीचं कौतुक म्हणून पण सांगत नाहीये. सांगतेय यासाठी की आमच्या गल्लीतल्या, आमच्या शाळेतल्या, आमच्या मंडळातल्या मुलांमधे राहून तिला हे कधीच दिसलं नसतं, की तिच्याच शेजारी बसून तोच निबंध लिहिणाऱ्या मुलाला संध्याकाळी काय खायचं हा प्रश्न आहे. आम्ही राहतो त्या भागात सगळ्यांचे बाबा किंवा आई त्याच पाच-सहा कंपन्यांत कामाला. कम्युनिटी कॉलेजात मात्र सगळी दुनिया भेटते. सैन्यातून परत येऊन शिकणारा तिशीतला माणूस, नर्सिंगला जायचंय म्हणून केमिस्ट्री करणारी दोन मुलांची आई, रात्रपाळी करून सकाळी आठच्या वर्गाला येणारा, नुकतंच इंग्रजी शिकलेला, पन्नाशीत नोकरी गेली म्हणून अकाउंटिंग शिकायला आलेला. ग्रुप प्रोजेक्टमधे हे सगळे एका टेबलाला. अशा लोकांबरोबर काम करायला मिळणं हे चांगल्या चांगल्या महागड्या युनिव्हर्सिटीत पण मिळत नाही कारण तिथे बहुतेक सगळे अठरा ते बावीस वर्षांचेच असतात. आणि आपण काय करतो तर मुलाला तिथून शक्य तितक्या लवकर उचलून घरी आणतो.

भीती असते, मान्य आहे, मला पण होती आणि आहे. सोळा वर्षांची मुलगी, आजूबाजूला मोठी माणसं. वर्गातली चर्चा मोठ्यांसाठीची असते, वाचायला दिलेल्या पुस्तकात काहीही असू शकतं आणि समोर शाळकरी मूल आहे म्हणून कोणी ते गाळत नाही. त्यामुळे घरी आधी स्पष्ट बोलणं झालं पाहिजे, कोणी वयाने मोठा माणूस फार जवळीक करायला लागला तर काय करायचं, तक्रार कुठल्या ऑफिसात करायची, अंधार पडल्यावर पार्किंगपर्यंत सोबत हवी असेल तर कॅम्पस सिक्युरिटीला सांगता येतं का ते पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवायचं. मुलांना पण सांगायचं, फक्त मुलींना नाही. पण भीतीवर उपाय म्हणून मुलाला कॉलेजात कोणाशी ओळखच होऊ द्यायची नाही हा उपाय उलटा आहे, कारण ज्याची कोणाशी ओळख नाही त्याच्यावर काही वेळ आली तर तो जाणार कोणाकडे?

याला जोडून एक गोष्ट आहे जी आपल्या आईबाबांना सगळ्यात जड जाते. इथे १९७४ चा फेर्पा म्हणून कायदा आहे, शिक्षणाच्या नोंदी कोणाला दाखवायच्या त्याचा. शाळेत मूल अठराचं होईपर्यंत तो हक्क आपला, पण मूल कॉलेजात शिकायला लागलं की कॉलेजच्या नोंदींपुरता तो हक्क त्या मुलाचा, वय सोळा असलं तरी. म्हणजे आपण प्रोफेसरला ईमेल टाकला की आमच्या मुलाचं कसं चाललंय, तर उत्तर येईल की मी हे तुमच्याशी बोलू शकत नाही. पालकसभा नाही, दर आठवड्याला मार्क दाखवणारं पालकांचं ॲप नाही. आणि क्वार्टर जेमतेम दहा-अकरा आठवड्यांचं, पहिली परीक्षा बिघडली आणि मूल गप्प बसलं तर कोर्स सोडायची तारीख निघून जाते. आणि तो ग्रेड कायमचा कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर. ज्यांना मुलांना डॉक्टर करायचंय, आणि आपल्याकडे ते बरेच असतात, त्यांनी हे लक्षात ठेवा की इथल्या मेडिकलच्या अर्जात शाळेत असताना केलेले कॉलेजचे कोर्स पण लिहावे लागतात आणि त्यांचे ग्रेड जीपीएत, म्हणजे सरासरी गुणांत, धरले जातात. तेव्हा ज्या मुलाला ऑफिस अवर्समधे, म्हणजे प्रोफेसर विद्यार्थ्यांसाठी ठेवतात त्या वेळात, जाऊन "मला हे कळलं नाही" असं म्हणायची सवय आहे, ज्याला वर्गातले दोन-चार जण ओळखतात, ज्याला कोर्स निवडायला मदत करणाऱ्या ॲडव्हायझरचं दार माहीत आहे ते मूल निभावून नेतं. ही सवय वर्ग सुटल्यावर पळून घरी आल्याने लागत नाही. ती तिथे रेंगाळूनच लागते. प्रोफेसरच्या खोलीत पहिल्यांदा जाताना आमच्या मुलीच्या हाताला घाम फुटला होता, तिनेच सांगितलं, आत गेली तर प्रोफेसरने आधी चहा घेणार का विचारलं आणि मग निबंधाचा पहिला परिच्छेद अख्खा खोडला. नंतर ती जातच राहिली.

आणि क्रेडिटचं म्हणाल तर ते सगळीकडे चालतात असं पण नाही. आमच्या राज्यातल्या सरकारी युनिव्हर्सिटीत कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट चांगले चालतात, त्यासाठीच सगळी रचना आहे. पण खासगी किंवा दुसऱ्या राज्यातल्या बऱ्याच ठिकाणी, शाळेच्या डिप्लोमासाठी जे कोर्स वापरले त्याचे क्रेडिट आम्ही धरत नाही असं सांगतात, किंवा धरले तरी मुख्य विषयाला धरत नाहीत. मूल जर तिकडे गेलं तर ज्या क्रेडिटसाठी दोन वर्षं एवढी धावपळ केली त्यातले कितीतरी तिथेच राहतात. तिथे राहत नाही ते म्हणजे अनोळखी माणसांच्या खोलीत शिरून आपली जागा करायला शिकलेलं मूल. अर्ज भरायच्या आधी त्या त्या युनिव्हर्सिटीचं क्रेडिटचं धोरण वाचा, एवढं काम मात्र आईबाबांनी जरूर करावं.

हे मी अमेरिकेबद्दल लिहितेय पण लिहिताना सारखं आपल्याकडचं डोळ्यासमोर येतंय. आपल्याकडे १०+२+३ आल्यापासून, १९७५ ला दहावीची पहिली आणि १९७७ ला बारावीची पहिली बॅच बसली तेव्हापासून, सोळाव्या वर्षी कॉलेजात जाणं ही साधी गोष्ट आहे. ज्युनिअर कॉलेज कितीतरी ठिकाणी त्याच इमारतीत, तीच लायब्ररी, तेच ग्राउंड, तोच कट्टा. मी अकरावीत असताना एनएसएसच्या कॅम्पला गेले, भित्तिपत्रकाला लिहिलं, गॅदरिंगच्या नाटकात पडदा ओढायचं काम केलं, आणि तिथे थर्ड इयरच्या ताया-दादांकडून जे शिकले ते वर्गात कोणी शिकवलं नव्हतं. आता माझ्या भाचे मंडळींचं बघते तर कॉलेजात ॲडमिशन नावाला, सगळा दिवस क्लासमधे, कॉलेजचं तोंड प्रॅक्टिकलला आणि परीक्षेला. दहावीला चांगले मार्क मिळवून ज्या कॉलेजसाठी एवढा आटापिटा केला त्या कॉलेजचं ग्रंथालय कुठल्या मजल्यावर आहे ते सांगता येत नाही. एंट्रन्सचं दडपण मला कळतं, तिथल्या आईबाबांना मी इथून काय सांगणार. पण दोन्हीकडे तेच होतंय, नाव पटावर आणि मूल बाहेर, आणि हे मला कुठेच बरं वाटत नाही.

इथल्या कॉलेजांनी पण काही करायला पाहिजे. क्लबच्या मीटिंग दुपारी अशा वेळी ठेवतात की शाळेतला एखादा वर्ग ठेवलेल्या मुलाला पोचताच येत नाही. नव्या विद्यार्थ्यांचं ओरिएंटेशन या मुलांसाठी वेगळं आणि घाईघाईत, त्यात सगळा वेळ फॉर्म कसा भरायचा यातच जातो, कॅम्पस कोणी फिरवून दाखवत नाही. आधीच्या वर्षीच्या एखाद्या मुलाला नव्या दोघा-तिघांबरोबर पहिला महिना जोडून दिलं तरी केवढा फरक पडेल, आणि खर्च काही नाही. आपल्या महाराष्ट्र मंडळांनी पण हे मनावर घ्यावं. गणपतीत एसएटीच्या, म्हणजे इथल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेच्या, क्लासचे स्टॉल लागतात, तिथेच एक टेबल टाकून ज्या मुलांनी हे केलंय त्यांनाच बसवा, आईबाबांना नको, मुलांनाच. मुलं मुलांना खरं सांगतात, कुठला कोर्स पहिल्या क्वार्टरला घेऊ नये, कुठे बसून डबा खाल्ला तर कोणी ना कोणी येऊन बोलतं.

येत्या उन्हाळ्यात जी मंडळी नववी-दहावीतली मुलं घेऊन वॉशिंग्टन राज्यात येणार आहेत त्यांच्यासाठी कामाचं तेवढं सांगून थांबते. शाळेत नाव घातल्या घातल्या शाळेच्या काउन्सेलरची, म्हणजे मुलांचे विषय ठरवायला मदत करणाऱ्यांची, वेळ घ्या आणि रनिंग स्टार्टचं विचारा, तारखा चुकल्या तर पुढच्या क्वार्टरपर्यंत थांबावं लागतं. दर क्वार्टरला एक फॉर्म असतो त्यावर काउन्सेलरची सही लागते, तो फॉर्म मुलाला स्वतः घेऊन जाऊ द्या. पहिल्या क्वार्टरला एक किंवा दोनच कोर्स घ्या, आणि दोन वर्गांच्या मधे मुद्दाम मोकळा वेळ ठेवा, तो वाया जात नाही. शाळेचा ऑर्केस्ट्रा, टीम, जे काही असेल ते एक तरी सोडू नका. आणि कॉलेजला न्यायला-आणायला गाडी काढू नका, आमच्या राज्यात २०२२ पासून अठरा आणि त्याखालच्या मुलांना बस फुकट आहे. बसने गेलं की परत यायची वेळ त्याची त्याला ठरवता येते, क्लबची मीटिंग लांबली तर लांबली, पुढची बस असतेच.

कळावे, लोभ असावा.

तुमची एक वाचक,
सिएटलजवळून, वॉशिंग्टन राज्य